खालच्या भिंतीतला खिळा

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, पण मधल्या वेळात जो हाताशी सापडेल त्याचं काही खरं नसतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणावर तोंड सोडलं तर दचकायला नको. मी सलूनमध्ये केस कापते. दिवसभर माणसांच्या डोक्यामागे उभं राहिलं की भीड चेपते, आणि आरशात बघून बोलायची सवय झाली की समोरासमोर बोलायला तर काहीच वाटत नाही.

घर सापडलं तेही आरशातच, पण माझ्या नाही, नवऱ्याच्या. तो शाळेची बस चालवतो आणि बस चालवताना इकडेतिकडे बघत नाही. फक्त समोर आणि आरशात. त्याच्या रोजच्या रस्त्यावर एका वळणाशी अरुंद, दुमजली घर आहे. त्यावर एक दिवस पाटी लागली. याने ती मागच्या आरशात पाहिली, उलट्या अक्षरांत, आणि ती सुलटी करत करत संध्याकाळी घरी आला. मला म्हणाला, एक घर विकाऊ आहे बहुतेक. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे काय, पाटी वाचता येत नाही का तुला? मग त्याने आरशाचं सांगितलं आणि मी पायात चप्पल अडकवली.

घर बघितलं आणि मी येडीच झाले. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाहेरून जिना. खाली एक मोठी खोली, तिला ओटा, न्हाणीघर, आणि बाजूच्या बोळात उघडणारा स्वतंत्र दरवाजा. त्या दरवाज्यापाशी आम्ही दोघं उभे राहिलो आणि दोघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. वर आपण, खाली भाडेकरू. हप्त्याचा निम्मा भार तो उचलेल, उरलेला आपण ओढू. आजवर आमच्या घराण्यात मालक कुणी झालंच नव्हतं. माझे आईवडील भाड्याने, याचे आईवडील भाड्याने, आम्ही लग्न केलं तेही भाड्याच्या खोलीत. आणि आता आमचाच भाडेकरू असणार. मला इतकं हसू यायला लागलं की घरमालक काका, म्हणजे ते घर विकणारे म्हातारे गृहस्थ, जिन्यावरून वाकून विचारायला लागले, बाईंना बरं वाटत नाही का. माझा नवरा म्हणाला, नाही, तिला फारच बरं वाटतंय.

विसार दिला तो सासूबाईंनी. जन्मभर त्यांनी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री केली. त्यातून जे काही मागे पडलं होतं ते सगळं काढून त्यांनी काकांच्या हातात ठेवलं, आणि देताना नोटांच्या कडा हाताने सरळ केल्या.

मग बँक. तिथे चष्मा लावलेली एक बाई होती, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या गेलेल्या. तिने आमच्या दोघांच्या पगाराचे कागद पाहिले, परत पाहिले, आणि तिसऱ्यांदा पाहण्यासारखं त्यांत काही नव्हतं. म्हणाली, एवढ्यावर एवढं कर्ज बसत नाही. पण खालच्या जागेचं भाडं येणार असेल तर ते तुमच्या मिळकतीत धरता येईल. नुसतं येणार म्हणून चालणार नाही, भाडेकराराचा कागद हवा, भाडेकरूच्या सहीचा, ताबा मिळाला की लागू होईल असा. महिनाअखेरच्या शुक्रवारी बँक बंद व्हायच्या आत कागद आला तर ठीक. नाहीतर कर्ज कमी होईल, व्यवहार फिसकटेल, काकांकडे दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे, आणि विसार काही परत मिळत नसतो. ती हे सगळं अगदी गोड आवाजात बोलली. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

तेव्हा आता बोला. घर आपलं नाही, पण त्याला भाडेकरू आणायचा, तरच घर आपलं होणार. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. काका मात्र भला माणूस. खालची जागा रिकामीच होती, त्यांनी तिची किल्ली आमच्याकडे देऊन टाकली. म्हणाले, दाखवा लोकांना, घाबरू नका.

आम्ही घाबरलो नाही. आम्ही उधळलो. मी सलूनमध्ये खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, राहता कुठे, भाड्याने का, घरमालक त्रास देतो का? नवरा बस घेऊन त्या वळणावर आला की हॉर्न वाजवायचा, आणि आयुष्यात विनाकारण हॉर्न न वाजवलेला हा माणूस. रात्रीच्या जेवणाला आम्ही घरमालक होण्याचा सराव करायचो. तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा, पाणी जपून वापरा हं. मी म्हणायची, पाहुणे किती दिवस राहणार आहेत? आणि आम्ही लोळून हसायचो, कारण ही वाक्यं आम्हाला पाठ होती. आजवर ऐकतच आलो होतो.

सासूबाई हसायच्या नाहीत. आता त्यांचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

सासूबाईंच्या घरात भिंतीला खिळा नसतो. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत सासऱ्यांनी एक खिळा मारला होता, लग्नाचा फोटो लावायला. घरमालकाने तेवढ्यावरून सगळी अनामत दाबली आणि बिऱ्हाड बाहेर काढलं. सासूबाईंच्या पोटात तेव्हा माझा नवरा होता. त्या दिवसापासून त्यांनी जी शपथ घेतली ती घेतली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं हे लोक नुकतेच राहायला आलेत की काय. आरसा खुर्चीवर टेकवलेला. टॉवेल दरवाज्याच्या माथ्यावर. कॅलेंडर खिडकीच्या कडीला बांधलेलं. घड्याळ फ्रिजवर उताणं पडलेलं, किती वाजले बघायचं तर टाचा वर करून त्याच्यावर वाकायचं. आणि तो फोटो, ज्याच्यापायी हे सगळं झालं, चादरीत गुंडाळून कपाटामागे. सासरे गेले, तरी फोटो कपाटामागेच. घर सोडताना मालक भिंतींवरून हात फिरवत यायचे आणि सासूबाई त्यांच्यामागे ताठ मानेने उभ्या राहायच्या. एक ओरखडा सापडला नाही कधी. ही त्यांची आयुष्याची कमाई, इस्त्रीपेक्षाही मोठी.

अशा बाईला आम्ही भाडेकरूंना जागा दाखवायच्या कामावर नेमलं. दिवसा आम्ही दोघं कामावर, त्या मोकळ्या. मला वाटलं, पोक्त बाई आहे, लोकांना विश्वास वाटेल.

पहिलं आलं ते एक नवपरिणीत जोडपं. सासूबाईंनी दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि सांगितलं की नळ सोडला की तो किंचाळतो. सोडून दाखवला. तो खरंच किंचाळला. मग दाराआड नेऊन कोपऱ्यातली ओल दाखवली, हात लावून बघा म्हणाल्या. खिडकी उघडून शेजारची भिंत दाखवली. मग म्हणाल्या, वरच्या लोकांच्या खुर्च्या सरकवल्या की खाली घुमतं. मुलीने विचारलं, वर कोण राहतं? सासूबाई म्हणाल्या, आम्हीच राहणार आहोत. माझ्या मुलाचा पाय जड पडतो, लहानपणापासून.

ते जोडपं विचार करून सांगतो म्हणालं. अजून विचार करतंय.

मग दोन नर्स आल्या. मग एक औषधांचा सेल्समन आला. मग एक बाई आपल्या मांजरासाठी जागा बघायला आली, म्हणजे राहणार ती होती, पण पसंत मांजराला पडायला हवी होती. सासूबाईंनी सगळ्यांना तीच फेरी घडवली. रोज एखादं नवं वैगुण्य शोधून काढायच्या. न्हाणीघराच्या उताराचं पाणी उलट्या बाजूला जातं हे काकांनासुद्धा माहीत नव्हतं, त्यांना सासूबाईंनी सांगितलं. एजंट लावला होता, त्याने दोन दिवसांत हात टेकले. मला फोन करून म्हणाला, ताई, जागा मी वाटेल तशी खपवून देईन, पण आधी तुमच्या आईंना कुठेतरी फिरायला पाठवा.

मी भडकले. संध्याकाळी घरी आले ती पर्स फेकूनच. म्हटलं, आई, शुक्रवार तोंडावर आलाय, तुमचेच पैसे बुडतायत, आणि तुम्ही लोकांना ओल हाताने चाचपायला लावता? एवढं सगळं सांगायची काय गरज? नवरा मधे पडायला आला, त्याला म्हटलं तू तुझा जड पाय घेऊन तिकडे बस.

सासूबाई शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी पुरी केली आणि म्हणाल्या, "मला आजवर कुणी सांगितलं नाही, पोरी. दर वेळेला आत शिरल्यावर कळायचं. माझ्याकडे कुणी भाड्याने राहायला येणार असेल तर त्याला आधी कळलं पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर मला नको ते घर."

माझा राग निम्म्यातच विझला, आणि विझलेला राग फार वाईट, नुसता धूर. मी चहा टाकला. त्या रात्री सराव झाला नाही की हसणं झालं नाही. नवरा फ्रिजवर वाकून सारखं घड्याळ बघत होता, जणू शुक्रवार त्यातूनच उगवणार होता.

आणि शुक्रवार उगवला. मी सलूनमध्ये कात्री चालवत होते पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी माझ्या खुर्चीत एक माणूस येऊन बसला. पन्नाशीचा असेल, केस मानेवर आलेले, दाट, चांगले. त्याने बरोबर एक अवाढव्य पितळी वाद्य आणलं होतं, ट्युबा म्हणतात त्याला, अजगरासारखी वेटोळी घातलेली नळी आणि वर हे एवढं तोंड. ते खाली ठेवायला तयार नाही. शेजारच्या खुर्चीत बसवलं. सलूनच्या मालकीणबाई कुरकुरल्या, तर म्हणाला, खाली ठेवलं की पोचे पडतात, आणि पोचे काढणं हाच माझा धंदा आहे, स्वतःच पाडून कसं चालेल? बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतो. मी सवयीने विचारलं, राहता कुठे?

म्हणाला, या महिन्यापुरता एका खोलीत. मालकाने जा म्हणून सांगितलंय.

माझी कात्री थांबली. डावी बाजू कापून झाली होती, उजवी तशीच होती. आरशात मी त्याच्याकडे पाहिलं, आरशावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच्या गळ्याभोवतीचं कापड तसंच ठेवून त्याला म्हटलं, उठा, जागा बघायला चला. तो म्हणाला, आत्ता? केस? मी म्हटलं, केस कुठे पळून जात नाहीत, बँक बंद होते. मालकीणबाई मागून काय ओरडल्या ते मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

रस्त्यावर आलो तर समोरून नवऱ्याची बस. मुलांना आणायला जायच्या आधी तो रिकामी बस घेऊन याच रस्त्याने जातो, आणि आमचं वळणही याच रस्त्यावर. मी रस्त्याच्या मध्यात जाऊन दोन्ही हात पसरले. त्याने बस थांबवली, खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मग त्या अर्धवट कापलेल्या माणसाकडे, मग ट्युबाकडे. नियमाचा किडा आहे तो. म्हणाला, बसमध्ये शाळेची मुलंच घेता येतात. मी म्हटलं, ह्यांना बाकावर बसव आणि गाणं म्हणायला सांग, पण घे. त्याने एक क्षण विचार केला आणि दार उघडलं. मुलांच्या त्या बुटक्या बाकावर हे बाजेवाले गुडघे हनुवटीला लावून बसले, मांडीवर ट्युबा, गळ्यात माझं कापड. रस्ताभर नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत्या, पण बस त्याने ठरलेल्या रस्त्यावरून वळवली नाही की वेगाने हाकली नाही. मला मात्र हसू आवरत नव्हतं. बँक बंद होईल ही भीती आणि वर हसू, असं कधी होतं का कुणाला? मला झालं.

सासूबाई खालच्या जागेत एकट्याच बसल्या होत्या, उलट्या बादलीवर. आम्हाला बघून उठल्या, पदर सारखा केला आणि फेरीला सुरुवात केली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. नळ किंचाळला. बाजेवाल्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, हा सूर मला ओळखीचा आहे. मग म्हणाले, आता माझंही सांगतो. मी दुरुस्त केलेलं वाद्य वाजवून बघतो, आणि ते नळापेक्षा मोठं किंचाळतं.

सासूबाई थबकल्या. त्यांनी ओल दाखवली. ते म्हणाले, माझ्याकडे पॉलिशचा वास असतो, कपड्यांना, हाताला, सगळीकडे. त्यांनी खिडकीबाहेरची भिंत दाखवली. ते म्हणाले, बरंय, तिकडून कुणाला त्रास नाही. त्यांनी मुलाच्या जड पायाचं सांगितलं. ते म्हणाले, मी घोरतो, खालून वर घुमेल. दोघं समोरासमोर उभे राहून एकेक पान टाकत होते, आणि कुणीच हरत नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हातातल्या घड्याळाकडे बघत होता, मुलांची शाळा सुटायची होती.

मग बाजेवाले म्हणाले, "एक मोठं राहिलं. मला खिळे लागतात. भिंतभर. वाद्यं टांगून ठेवावी लागतात, खाली ठेवता येत नाहीत. याच्यावरूनच मला सगळ्यांनी काढलं."

आमच्या घरात हा शब्दसुद्धा कुणी जोरात उच्चारत नव्हतं. नवऱ्याने डोळे मिटले. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. चांगली पांढरी, अंगावर एक ओरखडा नसलेली भिंत.

बाजेवाले पुढे म्हणाले, भिंत खिळा धरते का हेही बघायला लागेल. मागच्या खोलीत खिळा, गिलावा आणि एक सॅक्सोफोन असं सगळं एकदम खाली आलं होतं. बघितल्याशिवाय सही कशी करू? त्यांच्या पिशवीत छोटा हातोडा होता आणि जागा बघायला जाताना बरोबर ठेवायचे खिळेही होते. त्यांनी ते हातावर घेतले आणि कुणाला विचारावं ते न कळून उभे राहिले.

नवऱ्याने काकांना फोन लावला. काका आमची वाट बघत बँकेत जाऊन बसले होते. फोन वाजला, वाजला, आणि बंद झाला. काकांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि फोन ते त्याच बाजूच्या खिशात ठेवतात. परत लावला. परत तेच.

सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी बाजेवाल्यांच्या हातातून हातोडा घेतला. मग खिळा घेतला.

नवरा म्हणाला, "आई, हे घर अजून आपलं नाहीये."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यांना कळायला हवं ना, भिंत कशी आहे ती."

पहिला घाव खिळ्यावर बसलाच नाही, अंगठ्यावर बसला. दुसऱ्याने खिळा वाकला. बाजेवाल्यांनी दुसरा दिला. सासूबाईंना हातोडा धरता येत नव्हता, इस्त्री धरतात तसा धरला होता, वरून दाबून. मला त्यांच्या हातातून तो काढून घ्यावासा वाटत होता आणि मी घेतला नाही, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तिसरा घाव, चौथा. गिलाव्याचा एक टवका उडून खाली पडला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो, त्यासुद्धा. त्या टवक्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला वाटलं आता हातोडा ठेवून देतील. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि परत मारायला लागल्या. आवाज बदलला. ठक ठक असा बसका, भरीव आवाज यायला लागला.

बाजेवाल्यांनी खिळ्याला धरून ओढलं. हलवलं. मग त्या अजस्र ट्युबाची कडी अडकवली आणि हळूहळू हात सोडले. ट्युबा भिंतीवर राहिला, पोट पुढे काढून, आणि सगळी खोली त्यात वाकडीतिकडी दिसायला लागली. आम्ही चौघंही त्यात होतो.

"जागा घेतो," बाजेवाले म्हणाले आणि त्यांनी ट्युबा परत कवेत घेतला.

सह्या बसमध्ये झाल्या, बुटक्या बाकावर, नवऱ्याने खिशात तयार ठेवलेला करार ट्युबाच्या पोटावर ठेवून. नवऱ्याने आम्हाला बँकेच्या कोपऱ्यावर सोडलं आणि तो शाळेकडे गेला, वेळेवर पोचला सुद्धा. आम्ही तिघं बँकेत शिरलो तेव्हा दारावरचा रखवालदार शटर ओढायच्या बेतात होता. त्याने बाजेवाल्यांचं डोकं पाहिलं, एका बाजूला शहाणा माणूस आणि दुसऱ्या बाजूला रानटी, आणि दचकून बाजूला झाला. चष्मेवाल्या बाईने कागद घेतला, वाचला. तिच्या भुवया आधीच वर असल्यामुळे तिला काय वाटलं ते कळलं नाही. पण तिने शिक्का उचलला. काकांनी विक्रीच्या कागदावर सही करायला खिशातून पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडायला टेकला होता.

आणि सासूबाई म्हणाल्या, "थांबा. सही करायच्या आधी एक सांगायचंय. मी तुमच्या भिंतीला खिळा मारला. न विचारता. टवका उडालाय."

मी त्यांचा हात धरून दाबला, पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो. मला ओरडायचं होतं आणि बँकेत ओरडता येत नव्हतं. शिक्का हवेतच थांबला. काकांनी बऱ्या कानाला हात लावून विचारलं, काय म्हणालात? सासूबाईंनी परत सांगितलं, आणखी मोठ्याने. अख्ख्या बँकेला कळलं.

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "धरला का?"

"धरला," सासूबाई म्हणाल्या.

"मग झालं तर." आणि त्यांनी सही केली.

मी तिथेच रडले. चांगली भोकाड पसरून, काउंटरला धरून. सासूबाई माझी पाठ थोपटत होत्या, सुजलेल्या अंगठ्याच्या हाताने, आणि बाजेवाले माझंच कापड गळ्यातून काढून मला डोळे पुसायला देत होते. त्यात त्यांचेच केस होते. मी तोंडभर केस घेऊन घराची मालकीण झाले.

आता आम्ही वर राहतो. खालची भिंत पितळेने लखलखते, ओळखू येत नाही. बाजेवाले दुपारी वाजवून बघतात, तेव्हा सासूबाई जिन्यावर जाऊन बसतात आणि ते झालं की वरूनच सांगतात, हे नीट झालं, ते अजून घशात अडकतंय. भाडं वेळेवर येतं. उरलेले केस मी दुसऱ्याच दिवशी कापून दिले, फुकट.

वरची मात्र प्रत्येक भिंत महिनाभर तशीच होती. बाजेवाल्यांनी सासूबाईंना एक हातोडा आणून दिला होता, नवा. फोटो कपाटामागून निघाला, चादर सोडली गेली, पण तो जमिनीवरच टेकलेला. मी रोज कामावरून यायची आणि सासूबाई स्टुलावर बसलेल्या असायच्या, मांडीवर हातोडा, मुठीत खिळा, समोर भिंत. भिंतीवर पेन्सिलीच्या फुल्याच फुल्या. दाराजवळ, खिडकीपाशी, वर, खाली, कोपऱ्यात. कालच्या पुसलेल्या, आजच्या नव्या. घड्याळ अजून फ्रिजवर उताणं. एक दिवस पाय दुखत होते, मालकीणबाईंनी डोकं खाल्लेलं, आणि वर येऊन बघते तर परत तेच. सुटलं माझं तोंड. म्हटलं, आई, हद्द झाली आता, एक खिळा मारायला माणसाला किती दिवस लागतात? कुठेही मारा की.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा उजळलेला, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

"कुठेही मारता येतो," त्या म्हणाल्या. "तेच तर बघत बसलेय गं."

मी पर्स खाली ठेवली. दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसून भिंतीकडे बघायला लागले.